टंच

सराफ्यात दिवसा चांदी, रात्री गराडू.
मधल्या तासाभरात,
पायऱ्या धुऊन हलवायांच्या स्वाधीन करायच्या आधी
तांबवेकर वहिनी आल्या. हातात बोर्नव्हिटाचा डबा, सासऱ्यांचा.
"सगळं गाळून टाका. धाकट्याची फी भरायचीय, गुरुवारी."

लाल कापडावर ओतलं.
जोडवी, करंड्याचं झाकण, राणीछाप रुपये तीन
आणि गधैये नऊ.

गधैये आमच्या माळव्यात नांगराला लागतात.
जाड, मळकट, अर्धं तांबंच.
त्यांवर एक चेहरा असतो म्हणतात, इराणच्या राजाचा.
हूणांच्या हातून इकडे आला,
नकलेची नक्कल होता होता
नाकाची रेघ झाली, डोळ्याचा ठिपका,
अग्निकुंडाची शिडी.
पाच-सहाशे वर्षं कुणी विचारलं नाही, हा कोण.
बाजार चालला.

दहावं नाणं पातळ, रुंद.
काट्यावर दोन ग्रॅम ऐंशी.
चेहराच नाही. दोन्हीकडे अक्षरं, काठानंही अक्षरं.
कसोटीवर ओढलं, रेघ पांढरीशुभ्र.
असा टंच आता वर्षातून एखाद्या वेळी दिसतो.

समोरचे मुफद्दलभाई तराजू दुरुस्त करतात.
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला,
नखानं एकेक अक्षर मागे सारत वाचू लागले.
"नुक्ते नाहीत, भाऊ. नाण्यावर घालत नसत तेव्हा.
अंधाऱ्या जिन्यासारखं, अंदाजानं पाय टाकायचा."
मधोमध: देव एक, त्याला भागीदार नाही.
मी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं.
आम्ही तिघं आहोत. कोर्टात.
काठावर: हा दिरहम पाडला वासितमध्ये, सन त्र्याण्णव.

वासित म्हणजे मधलं, ते म्हणाले,
कूफा नि बसऱ्याच्या मधलं, फौजेसाठी वसवलेलं गाव.
मी म्हटलं, इंदूरही मधलंच. छावणी तर अजून आहे.

चहा येईपर्यंत त्यांनी सांगितलं ते असं:
पैगंबर गेले, आणि वीस वर्षांच्या आत
इराणचा शेवटचा राजा कुठल्याशा पिठाच्या गिरणीत मारला गेला.
राज्य नवं, टाकसाळ जुनी.
ठसे कोरणारे तेच; त्यांनाही पोटं होती.
म्हणून पुढे कित्येक वर्षं
तोच पंखांचा मुकुट, तेच अग्निकुंड,
फक्त काठावर, जागा मिळाली तिथे
बारीक अक्षरात: बिस्मिल्लाह.
भाडेकरूनं चौकटीवर खडूनं नाव लिहावं तसं.
मग दमिश्कहून हुकूम आला,
चेहरे नकोत.

शाळेत नकाशावर हिरवा रंग पसरत जायचा.
मास्तरांची छडी सिंधू नदीपाशी थांबायची,
वर्ग वळून मागच्या बाकाकडे बघायचा,
आणि मुफद्दलभाईंचा धाकटा भाऊ
दौतीच्या खळग्यात बोट घालून बसायचा.
आठवीपर्यंत.

मला सैन्य दिसत नाही.
दिसतो वासितच्या टाकसाळीतला एक माणूस,
भुवया जळालेल्या,
गोणीगोणीनं आलेले राजे मुशीत सोडणारा.
त्याचं नाव काठावर नाही.
नाणं कसं विरघळतं ते त्याला माहीत होतं, मलाही आहे:
काठ आधी जातो.
गाव जातं, साल जातं,
मधलं तेवढं क्षणभर तरंगत राहतं,
मग तेही लालीत लाली.
तीस वर्षांत मी असे किती सोडले,
मोजले नाहीत. वजन केलं फक्त.

"हे ठेवा वहिनी, संग्रहवाले जास्त देतील."
"कोण? कधी?" त्या म्हणाल्या.
मला सांगता येईना.
"मग गाळाच."

बाहेर गराडूवाल्यानं कढई चढवली, तेलाचा पहिला वास आला.
आत मूस लाल झालेली.
गधैये गेले, जोडवी गेली, राणी तिन्ही वेळा गेली.
मी चिमटा पुढे केला.
मुफद्दलभाईंनी भिंग काढलं नाही,
मूठही उघडली नाही.

"थांबा," म्हणाले,
"एक अक्षर राहिलंय."