दिसलेली हरणं

नोव्हेंबरात माझ्या टेबलावर जबडे येतात.
खालचे. बहुतेक उकळून साफ केलेले,
ओस्मुनचे सोडून, कारण त्याच्या बायकोनं बजावलंय,
माझ्या पातेल्यात नाही.
प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी :
तारीख, नर की मादी, सोलल्यावरचं वजन, कुठल्या रानात.

मी दाढा बघते. झीज मोजते.
दीड वर्ष. अडीच. परत दीड.
यंदा एक म्हातारी निघाली, सतरा वर्षांची,
दाढा घासून घासून हिरडीला टेकलेल्या,
आणि चिठ्ठीवर लिहिलेलं : सडाला दूध होतं.
पाडसाचं काही लिहिलं नव्हतं.
त्याला रकाना नाही.

ऑगस्टच्या सभेत, कॉफी ओतता ओतता,
मी दरवर्षी तेच सांगते :
मारलेलं लिहा, दिसलेलंही लिहा.
रोजच्या रोज, संध्याकाळ संपली की लगेच.
आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहा, कोरं सोडू नका.
शून्य म्हणजे तुम्ही गेला होतात.
कोऱ्याचं मी काय करू?
मागून कुणीतरी म्हणतं,
सरकार हिला काहीच नाही मोजायचा पगार देतं.
हसतात. मीही हसते. मग बिस्किटं संपतात.

बाकी सगळे फोनवरून भरतात.
अन्फिन अजून वही आणून देतो, पेन्सिलीनं लिहिलेली,
ओळी जरा उतरत्या.
इंद्रेदालच्या उत्तर उतारावर बावीस संध्याकाळी,
बावीस शून्यं.
गेल्या वर्षी एकोणीस. त्याआधी चोवीस.
त्या उतारावर दुसरं कुणी बसत नाही,
म्हणून आलेखाची रेघ त्याच्या वहीतून खाली गेली,
आणि रेघेमागून कोटा.
तीन वर्षं तिथे माद्यांना परवाना नाही.
आणि तीन वर्षं खालच्या शेतातली ग्यूरो
मला फोन करून ओरडते :
माझं गवत मग काय भुतं खातात?

शेवटी मीच गेले त्याच्याबरोबर.
चार वाजता उजेड राखाडी झाला.
फळकुटावर दोघं, मध्ये थर्मास,
मांडीवर त्याची बंदूक, तिला बोल्टच नव्हता.
स्वयंपाकघराच्या खणात आहे, तो म्हणाला,
केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

मग ती आली.
बर्चमधून एक, दोन, मग ओढ्यासारखी,
शंभर पावलांवर, उघड्या गवतात.
मी ओठ न हलवता मोजली. तेरा.
अन्फिननं वही काढली,
नाक जवळजवळ कागदाला टेकवून
तारखेपुढे एक शून्य काढलं,
गोल, नीट, शाळेतल्यासारखं.

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.
दोन्ही बाहुल्यांवर साय धरलेली.

अन्फिन, मी कुजबुजले, समोर आहेत.
ठाऊक आहे, तो म्हणाला.
मग शून्य का?
तो थोडा दुखावल्यासारखा वाटला.
फॉर्मवर काय लिहिलंय तुमच्या? दिसलेली.
मी खोटं लिहीत नाही.

थर्मासचं झाकण गार पडलं होतं.
मला कोटा आठवला, ग्यूरो, ती घसरत गेलेली रेघ,
तीन वर्षं न मारलेल्या माद्या,
त्यांना झालेली पाडसं,
आणि वहीतलं एकेक शून्य, जे अगदी खरं होतं.
दुरुस्तीचा अर्ज कसा लिहितात
ते मला येतं. त्यात कारणासाठी दीड ओळ असते.

ऐकू किती आली? मी विचारलं.

त्यानं टोपी कानांवरून वर सारली.
खाली गवत तुटण्याचा आवाज येत होता,
म्हणजे आता मलाही आला.
तेरा, तो म्हणाला.
एक मागच्या डाव्या पायानं लंगडतंय.

मी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.