ओब्दुलियाच्या मेजावर

विद्यापीठाने दिलेला तक्ता घेऊन मी रिबेइराला गेले.
डावीकडे मलय, उजवीकडे गालिसियन,
मधे एक रेघ, सरळ.
एकमेकींच्या कुठल्याच नात्यात नाहीत
म्हणून निवडल्या होत्या या दोघी;
थोडी हौस, थोडं अनुदान.

जुसोह मनगट मोडून बंदरातच राहिलेला.
बोट त्याच्याशिवाय उत्तरेला गेलेली, मेर्लुसा माशांमागे.
ओब्दुलियाच्या माडीवर त्याची खोली.
खाली ती जाळी सांधायची,
हिरवा दोर पायाच्या अंगठ्यात ताणून.

पहिल्या न्याहारीलाच तक्ता भराभर भरला.
ती म्हणाली मान्तेइगा, तो म्हणाला मन्तेगा,
आणि लोणी दोघांच्या मधून सरकलं.
केइशो, केजू.
शनेला, जेंडेला; दोघांनी एकदमच खिडकीकडे बोट केलं.
मेसा, मेजा.
पोर्तुगीज गलबतांनी तिकडे उतरवलेलं सामान.
मी समासात लिहिलं: उसने शब्द, मोजू नयेत.
लिहिताना वही मेजावर होती
हे ध्यानात आलं दुपारी.
(माझा मेज फारसी, असं म्हणतात. तरी.)

मग अवघड भाग.
जुसोहच्या क्रियापदाला काळ नाही.
जातुह. पडणं.
काल जातुह, आज जातुह,
उद्या पाय घसरला तर तेव्हाही जातुह;
भूतकाळात काय तो प्लास्टरमधला हात.
लग्न झालंय का, तिने विचारलं.
बलुम, म्हणाला. अजून नाही.
पंचावन्नाचा माणूस!
नाही म्हणत नाहीत हे लोक, मी टिपून घेतलं,
दार किलकिलं ठेवतात.

आणि ओब्दुलिया 'हो' म्हणत नाही.
हवंय? हवंय. येतेस? येते.
उरलेल्या सगळ्याला देपेंदे,
बघू, कशाकशावर आहे ते.
एक नाही म्हणेना, दुसरी हो म्हणेना,
तरी भाडं ठरलेलं होतं त्यांचं. सूपसुद्धा.

चौथ्या दिवशी सर्वनामं.
मी सहज विचारलं, तुमच्यातलं कोण कोण जायचं समुद्रात.
तिने सुई खाली ठेवली नाही.
लेवोऊचेमो ओ मार.

रात्री दिव्याखाली मी ती गाठ उसवली.
लेवोऊ, नेलं. ओ, त्याला. मे, माझ्याकडून.
आणि मधे एक चे. तुला.
मला?
माझं तर काहीच गेलेलं नाही त्यात.
काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं.
समोर बसलेल्याला तो नुसता आत घेतो,
बाकावर सरकून जागा करावी तसा.
समुद्राने नेला गं माझा,
एवढंच जमलं मराठीत, 'गं'पर्यंत.

पण ती रात्रीची गोष्ट.
तेव्हा, त्या घटकेला, जुसोहला फक्त 'मार' कळलं होतं,
बोटीवर दिवसभर तेच कानावर पडायचं.
बराच वेळ तो प्लास्टरची कड खरवडत राहिला.
मग म्हणाला, लाउत किता.
आपला समुद्र.
मी सांगितलं तिला: नोसो.
तिच्या 'नोसो'त आम्ही आणि आपण एकाच ताटात जेवतात.
हं, म्हणाली, त्यांचा असेल तिकडचा.

बुकान, म्हणाला तो. नाही. पहिल्यांदाच नाही.
बुकान कामी.
डाव्या हाताने मेजावर मीठ सांडून एक गोल काढला,
आत ठिपके: मी, बोटीवरचे, गावचे. हे कामी.
तू बाहेर.
मग बोटाने गोल एका बाजूने फोडला,
मीठ तिच्या कोपरापर्यंत ओढत नेलं. किता.

दुभाषी मी होते, मधे बोलायला हवं होतं.
माझ्याकडे शेंबडं पोरही जाणतं हे;
पंगतीत आपल्याला धरलंय की नाही
ते आम्ही-आपणवरूनच कळतं त्याला.
गप्प राहिले.

ओब्दुलियाने मिठाकडे पाहिलं.
तळहाताने सगळं गोळा केलं
आणि पातेल्यात टाकलं. वाया कशाला घालवायचं.

सूप खारट झालं होतं.
प्यायलो आपण.