शंभराची घंटी

मे महिन्यात, चोपड्यात, दुपारी दोनला
पंखा बंद करून बसते मी,
नाहीतर काचपट्टीवरचा रंग उडून जातो
आणि मागे जांभळा गाळ उरतो नुसता.

पांढऱ्या म्हणतात त्यांना.
पांढऱ्या नसतातच त्या. पाण्याइतक्या बिनरंगी.
रंग मी देते, आठ मिनिटं,
मग भिंगाखाली तेलाचा एक थेंब,
आणि ओळखपरेड:
पोटात तीन दाण्यांची भुईमुगाची शेंग, तो न्यूट्रोफिल.
लाल तिखटात लोळून आलेला इओसिनोफिल,
सातपुड्यातल्या जंत झालेल्या पोरांच्या रक्तात याची गर्दी.
जांभळाच्या बीसारखा, सगळा गाभाच, तो लिम्फोसाइट.
वालाचा दाणा गिळून सुस्तावलेला मोनोसाइट.
बेसोफिल क्वचित.
एखादा भेटला की मी चहा मागवते.

दर ओळखीला एक बटण.
मोजयंत्र जुनं, लोखंडी,
वाल्हे सर निवृत्त होताना देऊन गेले.
शंभर झाले की वाजतं,
सायकलच्या घंटीसारखं, एकदाच.

हेमराज बोरसेच्या काचेवर
तीन मंगळवार ते वाजलेलं नाही.

वय सोळा. औषध नाशिकचं, मोजणी इथली.
औषधानं तण जाळलं
आणि हाडाच्या पोकळीत जपलेलं बियाणंही
सोबत होरपळलं.

वडील लीलाधर बाहेर बाकावर.
केळी पिकवायच्या खोलीवर कामाला.
पहिल्याच दिवशी विचारलं, ह्या होतात कुठे?
हाडात, म्हटलं मी. बहुतेक तिथेच तयार होतात.
काही मात्र कच्च्याच निघतात,
छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे,
तिथे जाऊन पिकतात.

आमचं तेच, म्हणाले.
घड हिरवाच उतरवायचा, झाडावर पिकला तर फाटतो.
दार लावायचं, गारवा धरायचा, गॅस सोडायचा.
पण फेकावं फार लागतं, ताई.

तिथेही, म्हटलं. शंभरातल्या दोन-चार बाहेर पडतात.
ज्यांना काहीच ओळखता येत नाही, त्या गेल्या.
ज्या आपल्याच अंगावर धावतील, त्याही गेल्या.

ते बोटांवरचा चीक खरवडत राहिले.
मग: आणि ती खोली? टिकते?

ती आटत जाते वयाबरोबर,
हेमराजच्या वयात आटायला लागलेलीही असते.
हे मी सांगितलं नाही.

आज काच लावली.
तांबड्या पेशींचं रान, कुठे कुणी नाही.
बऱ्याच वेळानं एक मोनोसाइट, मग दुसरा.
मग एक वेगळाच:
गाभ्याला दाणे धरलेले नाहीत अजून,
नुसता वाकवलेला घोड्याचा नाल.
बँड. कोवळा. शेंग भरण्याआधीच उपटून पाठवलेला.

एरवी असे दिसले की पोटात गोळा येतो,
कुठेतरी मोठी लागण आहे,
आणि हाताला लागेल त्याला पुढे धाडलं जातंय.
आज मी खुर्चीत सरळ बसले.
जेमतेम एखादा दिवस जगतात हे.
जंतू गिळतात, तिथेच मरतात,
आपण त्याला पू म्हणतो
आणि कापसानं पुसून टाकतो.

एकेचाळीस. अठ्ठावन्न.
वीज गेली.
सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीत नेला,
आरसा फिरवला समोरच्या दवाखान्याच्या
चुना मारलेल्या भिंतीकडे.
उजेड पिवळट, पण पुरेसा.
घाम भिंगावर पडू नये म्हणून
ओढणी कपाळाला बांधली.
त्र्याऐंशी. एक पुन्हा मोजला की काय?
नाही, तो दुसरा.
अठ्ठ्याण्णव.

घंटी वाजली.

बाहेर बाक करकरला.
दारात आधी सावली आली,
मग आवाज, एकदम घरचा, अहिराणी:
"वाजनी ना?"

बँड, अकरा, असं लिहिलं मी कागदावर.
याचा अर्थ सांगायचा अधिकार नाशिकचा, माझा नाही.
"वाजली," म्हटलं.

बेसोफिल एकही नव्हता.
तरी खाली हाक मारली.
दोन चहा.