समास

गुणाजीनं नवी पानं आणली यवतमाळहून,
डिजिटल, चकचकीत, काठोकाठ चित्र.
शनीचा कावळा तर पानाबाहेरच निघालेला.
आम्ही बाजारातले चौघे वाकलो. छान, म्हणालो.

पोपटानं एक ओढलं. चोचीतून निसटलं.
गुणाजीनं उचललं, तर अंगठा
नेमका लक्ष्मीच्या तोंडावर.
त्यानं तो धोतराला पुसला, मग कपाळाला लावला.
‘चित्र झकास हाय बापा,
पन धरू कुठी?’

जुन्या पानांना पिवळा काठ होता,
दोन तांबड्या रेघा, कोपऱ्यात कोयरी.
तंबाखू, घाम, चोचीचं कुरतडणं
सगळं त्या काठात.
नशीब मधे, कोरडं.

मी वहीतल्यासारखा समास आखायला बसलो.
चकाकीवर पेन घसरत राहिला.
‘सरका मास्तर,’ म्हणत
बांगड्यांच्या दुकानातून सत्यफुला आली,
हातात नखपॉलिशची बाटली, लाल.

बत्तीस पानं. वासानं पोपट शिंकला.
कावळ्यापाशी मात्र तिनं रेघ तोडली,
पंख राहू दिला बाहेर.

या बुधवारी मला तेच निघालं.
गुणाजीनं काठाला धरून
बराच वेळ पाहिलं,
अन् पैसे घेतले नाहीत.