वारा कुठून जातो

दुकान बंद करायला घेतलं आणि बतिस्त आला.
सांता सेसिलियाची मिरवणूक आठ दिवसांवर,
आणि याची क्लॅरिनेट टिपेला चढताना
ओल्या जिन्यावर पाय घसरावा तशी खाली येते.
पेटी त्याने काउंटरवर ठेवली,
आजारी मांजर आणून ठेवावं तशी.
"रेमेई, खरं सांग. दातांमुळेच ना?"

दात नवे, हातीव्याच्या डॉक्टरकडचे.
त्याआधी तोंडपट्टी बदलली, मग पत्ती:
तीन नंबर, साडेतीन, चार.
मग सिगारेट सोडली.
मग पहिल्या रांगेतली खुर्ची,
ती सोळा वर्षांच्या नेउसला दिली
आणि म्हणाला, पोरांना संधी द्यायला हवी.

मी वरचा तुकडा घेतला.
खालचं तोंड तळव्याने दाबलं, भोकं बोटांनी झाकली,
वरून हवा ओढून घेतली.
घट्ट असता तर जिभेला चिकटून बसला असता,
सोडताना बुचासारखा टप् वाजला असता.
एक, दोन म्हणेपर्यंत
पकड सुटली.

मग सिगारेटचा कागद, अल्कॉयचा.
(बतिस्तने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.)
नखाएवढी पट्टी एकेका गादीखाली सरकवायची,
कळ बसू द्यायची, ओढायची.
इथे धरतो.
इथे धरतो.
इथेही.
बाजूच्या कळीखालून, ट्रिलच्या,
कागद न अडता बाहेर आला.

"ही? हिला तर मी वर्षात दोनदा हात लावतो."
गादीचं कातडं एका कडेला उसवलेलं, केसाएवढं.
लाख तापवली, नवी गादी बसवली,
तिरकी बसली, शिवी दिली, पुन्हा तापवली.
आता ओढलं तर टप्.
"वाजव. वरचा रे."

किंचाळला.
समोरच्या गॅरेजातलं कुत्रं उठून बसलं.
"बघ," बतिस्त म्हणाला, "दातच."

दात नाहीत रे बाबा.
चार वर्षं गळक्या बादलीतून पाणी नेणाऱ्याला
बादली सांधून दिली
तरी तो पळतच येतो, अंगण भिजवत.
ओठ सोड. अजून सोड.
नाही सुटला. चाळीस वर्षं पेट्या उचलल्या त्याने
संत्र्यांच्या गोदामात; सोडणं हे काम
कुणी शिकवलंच नाही.

मी खणातून अडीच नंबरची पत्ती काढून दिली.
"ही पोरांची," म्हणाला, दुखावून.
लावली मात्र.
तिसऱ्या खेपेला तो रे आला,
थोडा कच्चा, कडेने फुटका,
पण न ढकलता आला,
आणि बतिस्तच दचकून थांबला.

गादीचे सहा युरो घेतले. पत्ती परत आण म्हटलं.
शटर ओढताना दिसला:
पेटी काखेत, दिव्याच्या खांबाशी उभा,
तोंडाचा सैल चंबू करून
नुसतीच फुंकर घालत होता,
गरम सूप निववावं तशी.