वीस ते ऐंशी

सकाळचे सात. गंगापूर रोडच्या कॉलेजचं मैदान.
गोदेकडून आलेलं धुकं अजून सेंटर फील्डवर बसून.
माझ्याकडे स्टॉपवॉच आणि पॅड,
निमसे सरांकडे पुण्याहून उसनी आणलेली स्पीड गन,
आणि एकशे चौदा पोरं,
पाठीवर सेफ्टी पिनांनी टाचलेले नंबर.
चौदा वर्षांखालचा संघ. घ्यायचे सोळा.

पाच रकाने : धाव, थ्रो, पकड, फटका, ताकद.
मार्क वीस ते ऐंशी.
शून्यापासून का नाही, हे मला कुणी सांगितलं नाही.
हा फॉर्म कुठून कुठून फिरत आला,
झेरॉक्सची झेरॉक्स होत होत
पन्नास आणि साठ यांच्यामधली रेघच उडून गेली.

सीझनला मी पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर असतो.
तिथे काम सोपं.
मण्याला रिंग लावायची, अठरा मिलिमीटर.
आरपार गेला तर लोकल मार्केट,
अडकला तर रॉटरडॅम.
मणी मान वर करून तुमच्याकडे बघत नाही.

निमसे सर म्हणतात, पोराकडे बघूच नको.
चौदाव्या वर्षी सगळेच काडीपैलवान.
गेटजवळ बघ, बाप उभा असेल.
त्याचे खांदे बघ, मनगटं बघ, चपलेचा नंबर बघ.
बाप म्हणजे पोराचा चार वर्षांनंतरचा फोटो.

माझे वडील एकदाच आले होते माझ्या ट्रायलला,
ओझरहून, फर्स्ट शिफ्ट संपवून.
लुनावर बसूनच बघत राहिले, एक पाय जमिनीला टेकवून.
उतरले नाहीत.
त्यांची उंची कुणाला कळली नसणार.

सदुसष्ट नंबर. समाधान पेखळे, देवळाली गाव.
राइट फील्डमधून थर्ड बेसला थ्रो,
एक टप्पा,
आणि टप्प्यानंतरही चेंडू थकला नाही.
थर्ड बेसवरच्या पोराने ग्लोव्ह काढून तळहात झटकला.
गन म्हणाली एकशे चार.
मी साठ लिहायला पेन टेकवलं,
तेवढ्यात निमसे सरांनी हनुवटीने गेट दाखवलं :
तिथे पोराच्या बॅगा सांभाळत एक माणूस,
फार तर पाच फूट, मनगटं लाटण्याएवढी.
“इथेच थांबणार हा,” सर म्हणाले.
मी पंचेचाळीस लिहिलं.

दुपारी चिंचेखाली यादी लावायला बसलो.
पहिले दहा पटापट लागतात,
शेवटचे पन्नासही. त्यांना आपण घरी गेल्यावर विसरतो.
भांडण असतं ते चौदा ते एकोणीसमध्ये.
तिथे अर्ध्या सेकंदाला पोराचं नाव असतं.
पेखळे अठरावा.

पाणी प्यायला नळावर गेलो तर तो तिथेच,
टोपी भिजवून डोक्यावर घालत होता, डिसेंबरात.
म्हटलं, वडिलांना सांग, पुढच्या वर्षी परत आण.
“वडील नाही आले, सर.”
मग ते गेटवरचे?
“ते व्हॅनवाले काका. आम्ही सात जण आलोय त्यांच्याबरोबर.”

सात.
मी मनातल्या मनात नंबर आठवू लागलो,
कुणाकुणाला या काकांचे खांदे लावले आपण.

“वडील केवढे आहेत रे तुझे?”
तो विचारात पडला. असा प्रश्न
त्याला शाळेत कुणी विचारला नसावा.
हात वर केला, मग जरा खाली, मग परत वर.
“आमच्या दारातून येताना वाकतात.”

दार केवढं आहे, हे विचारायला हवं होतं.

परत जाऊन पंचेचाळीसवर रेघ मारली.
निमसे सर बघत होते, बोलले नाहीत,
गनच्या बॅटऱ्या काढून रुमालात बांधत राहिले.
मी पन्नास आणि साठच्या मध्ये,
जिथली रेघ उडाली आहे,
तिथे एक टिंब काढलं,
आणि सोळाव्या पोराचं नाव
पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं.