बासून

मार्चमध्येही मेनच्या किनाऱ्यावर बर्फ असतो,
करडा, टायरांनी मळलेला, कुणालाच नको झालेला.
रेडिएटर ठोके देत बसायचा
आणि आम्ही पाच जणं अर्ज वाचायचो.
एक अर्ज म्हणजे सतरा वर्षं.
त्याला मिनिटं अकरा. जेवणानंतर नऊ.

अँसेल थिबोडोच्या अर्जाला मासळीचा वास होता,
असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. खोटं आहे.
पडद्यावरच्या अक्षरांना कसला वास.
पण त्यानं लिहिलं होतं की लॉबस्टरच्या सापळ्यात
जे खारवलेलं हेरिंग घालतात
ते हातांवरून तीन दिवस जात नाही,
म्हणून गणिताच्या परीक्षेला
त्यानं आपलं बाक वीतभर मागे घेतलं होतं,
पुढच्या मुलीला त्रास नको.
मी समासात लिहिलं: हो.
आणि त्याखाली रेघ मारली.

गुरुवारी रात्री समितीसमोर
दोन नावं उरली आणि एक खुर्ची.
वाद्यवृंदाचे सर म्हणाले,
आमची बासून वाजवणारी मुलगी यंदा पदवी घेऊन चालली.
नेब्रास्काचा तो दुसरा मुलगा बासून वाजवायचा.
कुणी सँडविचचा कागद चुरगाळला, कुणी हात वर केला.
माझाही हात वर होता.
दहा वाजून गेले होते.

पत्र गेलं. खेद, असंख्य गुणी अर्जदार, शुभेच्छा.
सही यंत्राची.

एप्रिलमध्ये तो स्वतः आला,
नव्या शर्टाच्या दुकानातल्या घड्या तशाच.
"जागा नको, मॅम. फक्त काय चुकलं ते सांगा."
वकिलांनी घोटून घेतलेलं वाक्य मी म्हटलं:
वैयक्तिक निर्णयांवर आम्ही भाष्य करत नाही.
त्यानं मान हलवली, जणू मी काही सांगितलंच होतं.
मग बुटांचं पाणी लादीवर सांडलेलं दिसलं,
ते खाली बसून रुमालानं पुसलं,
आणि गेला.

प्रुडन्स म्हणायची, कारणं द्यायला लागलो
तर पुढच्या वर्षी दारात चारशे बासून उभे राहतील.
खरंय तिचं.
आणि खरं कारण लिहायचं तरी कसं?
"प्रिय अँसेल, तुझ्यात काही कमी नव्हतं.
गुरुवार होता."
कुठल्या डीननं यावर सही केली असती?
त्यापेक्षा गप्प राहणं सभ्य वाटायचं.
आम्हाला वाटायचं, आपण गप्प राहिलो की कारण उरत नाही.

अठरा वर्षांनी माझा बॉयलर बंद पडला.
व्हॅनवर नाव: थिबोडो हीटिंग.
त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून सोडून दिलं.
तळघरात मी टॉर्च धरलेला, तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन.
कॉलेजसाठी निबंध लिहीत होती ती.
"बोटीबद्दल लिहू नको," तो म्हणाला, हातात पाना,
"आजोबांच्या कामाबद्दल नको, वासाबद्दल तर मुळीच नको.
त्यांना ते आवडत नाही. मला माहीत आहे."

टॉर्च हलला असावा.
"सरळ धरा," तो म्हणाला.

जाताना बिल दिलं: व्हॉल्व्ह, वॉशर, दोन तासांची मजुरी,
प्रत्येकाचा आकडा वेगळा.
जुना व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर ठेवला,
चीर कुठे गेली ती बोटानं दाखवली.
"गिऱ्हाइकाला कळायला हवं ना, काय बिघडलं होतं."

मी म्हटलं, बासून.
मग सगळंच म्हटलं, उलटसुलट, त्या होखालच्या रेघेसकट.
नेब्रास्काच्या मुलानं दुसऱ्याच वर्षी वाद्य सोडलं, हेही.

तो व्हॉल्व्हकडे पाहत राहिला.
मग विचारलं, "दिसतं कसं ते?"
मी हातांनी दाखवलं. एवढं उंच,
लाकडी, आतून पोकळ.
"मुलीला फोन करायला हवा," म्हणाला
आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.
इंजिन बराच वेळ सुरू झालं नाही.